बाटलीत गॅस का धरत नाही? स्पार्कलिंग वाइनचं अडकलेलं दुसरं फर्मेंटेशन

एप्रिल उजाडला की आमच्या भागातल्या एखाद्या छोट्या वायनरीतून फोन येतोच. "ताई, बाटल्या लावून महिना झाला, गॅसच धरत नाहीये. थोडी साखर वाढवू का?"

माझं उत्तर दरवेळी एकच: अजून काहीही टाकू नका. आधी मोजा.

दिंडोरी तालुक्यात आमची पावणेचार एकर चेनिन ब्लाँ, म्हणजे पांढऱ्या वाइनची द्राक्षं, आहे. बाग सेंद्रिय आहे आणि वायनरी घरचीच. दरवर्षी हजार-बाराशे बाटल्या आम्ही पारंपरिक पद्धतीनं स्पार्कलिंग करतो, म्हणजे दुसरं फर्मेंटेशन त्याच बाटलीत. तयार बेस वाइनमध्ये, म्हणजे एकदा आंबून झालेल्या साध्या वाइनमध्ये, मोजून साखर आणि यीस्ट मिसळायचं, पत्र्याचं क्राउन बूच दाबायचं आणि बाटल्या आडव्या रचायच्या. यीस्ट साखर खातं, गॅस आत कोंडला जातो. सगळं ठीक असेल तर १५-१६ अंश सेल्सियसला सहा ते आठ आठवड्यांत काम पूर्ण होतं. हे काम अर्ध्यावर थांबणं हा बिघाड मी आमच्याकडे चार वेळा आणि ओळखीच्या वायनऱ्यांमध्ये त्याहून जास्त वेळा निस्तरला आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गॅस न धरलेली बाटली दोन अगदी उलट कारणांनी तशी असू शकते. एक, यीस्टनं साखर खाल्लीच नाही. दोन, साखर सगळी खाल्ली पण गॅस बुचातून निघून गेला. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पहिल्या बाटलीला यीस्टची मदत हवी, दुसरीला नवं बूच लावणारं यंत्र. आणि गळकी समजून तुम्ही पहिलीत साखर वाढवलीत, मग उन्हाळ्यात तिच्यातलं यीस्ट जागं झालं, तर ती बाटली बॉम्ब होते.

हात लावण्याआधी

पूर्ण दाबाच्या बाटलीत साधारण ६ बार असतात, म्हणजे कारच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट. त्यातही हे ६ बार १० अंशांचे. तीच बाटली २० अंशांवर आली की दाब ८ च्या आसपास जातो. तोंडावर पूर्ण झाकणारी शील्ड, चामड्याचे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट घातल्याशिवाय रचलेल्या थप्पीजवळ जायचं नाही. "ही तर थंड पडलेली बाटली आहे" असं म्हणून कुणी मोकळ्या हातानं उचलू नये. कुठली थंड आहे हेच तर आपल्याला अजून कळलेलं नाही.

बाटल्या जाड काचेच्याच हव्यात. शॅम्पेनसाठीच्या ७५० मिलीच्या बाटलीचं वजन ८३५ ते ९०० ग्रॅम असतं. साध्या वाइनच्या बाटलीत हे काम केलं असेल तर पुढे वाचू नका, खोलीला कुलूप लावा आणि जाणकाराला बोलवा.

लक्षणं

- चार आठवडे होऊनही आडव्या बाटलीच्या खालच्या कुशीत गाळाची रेघ फिकट आहे किंवा नाहीच. यीस्ट वाढलं की ही रेघ दुधाच्या सायीसारखी ठळक दिसते.
- थंड करून उघडली तर हलकी फुस्स होते, फेस येतो, पण मिनिटभरात बसतो. चव गोडसर लागते.
- दाब मोजणारं गेज दोन-तीन बारवर येऊन दोन आठवडे जागचं हललेलं नाही.
- एका क्रेटमधल्या बाटल्या उत्तम, शेजारच्या क्रेटमधल्या सपाट.
- उघडल्याबरोबर सडक्या अंड्याचा वास येतो.
- वाइन ढगाळ राहते, महिना झाला तरी गाळ खाली बसत नाही.

शेवटचं लक्षण एकटंच दिसलं तर ते कदाचित यीस्टचं दुखणं नसून बॅक्टेरियाचं असतं. त्याबद्दल शेवटी.

कॅलेंडर आणि थर्मामीटर

मला आलेल्या फोनांपैकी निम्मे इथेच संपले आहेत. कोल्ड रूमच्या दारावरचा आकडा हवेचा असतो. यीस्ट हवेत राहत नाही. एका बाटलीत पाणी भरा, तिच्यात साधा थर्मामीटर सोडा आणि ती थप्पीच्या मध्यभागी चोवीस तास ठेवा. दुसरी तशीच बाटली ब्लोअरच्या समोर, तिसरी दाराजवळ.

आमच्याकडे पहिल्यांदा हा बिघाड झाला तेव्हा दारावर १३ दिसत होतं. ब्लोअरसमोरच्या रांगेतलं पाणी निघालं ९ अंश. रात्री वीज जायची, पहाटे आली की यंत्र जोरात चालायचं आणि थंडीचा सगळा झोत त्या एका रांगेवर पडायचा. तेवढ्याच बाटल्या झोपल्या होत्या, बाकीच्या व्यवस्थित चालल्या होत्या.

हे इतकं महत्त्वाचं का? कारण बाटलीतल्या यीस्टची अवस्था आधीच बिकट असते. भोवती अकरा टक्के अल्कोहोल, भरपूर आम्लता, खायला नायट्रोजन जवळजवळ नाही, वरून वाढत जाणारा दाब. त्यात दहा अंशांखाली गेलं की ते हातपाय गाळतं. थंडी एकटी असती तर ते सोसतं.

उपाय सोपा आहे. दिवसाला एक अंश या वेगानं १६ पर्यंत चढवा आणि दहा दिवस वाट बघा. एकदम चढवू नका. माझ्या सासऱ्यांनी त्या वर्षी मायेनं थप्पीवर घोंगड्या टाकल्या होत्या. घोंगडी उष्णता तयार करत नाही, आतली थंडी धरून ठेवते, त्यामुळे त्या बाटल्या आणखी उशिरा जाग्या झाल्या. आणि १८ च्या वर नेण्याचा मोह नको. फर्मेंटेशन धावतं, पण नाजूक फेस आणि फळांचा वास दोन्ही जातात.

कुठल्या क्रेटमधली बाटली?

यासाठी फक्त कागद-पेन लागतो. बाटल्या भरताना क्रेटला क्रमांक दिले असतील तर पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या क्रेटमधल्या दोन-दोन बाटल्या शेजारी ठेवून गाळाच्या रेघा बघा. क्रमांक दिले नसतील तर पुढच्या वर्षी तेवढं नक्की करा.

साखरेचा पाक वाइनपेक्षा जड असतो. टाकीत ओतून दोनदा काठी फिरवली म्हणजे तो मिसळला असं होत नाही, तो तळाशी जाऊन बसतो. यीस्टही बसतं. टाकीचा नळ तळाला, म्हणून पहिल्या क्रेटना साखर आणि यीस्ट दोन्ही जास्त, शेवटच्या क्रेटना दोन्ही कमी. लक्षण स्पष्ट असतं: पहिल्या बाटल्या फसफसून बाहेर, शेवटच्या सपाट. असं दिसलं तर शेवटच्या क्रेट सोडून द्या, पण पहिल्या क्रेट ताबडतोब थंडीत हलवा, कारण धोका त्यांच्यात आहे. भरताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत टाकीत ढवळणं चालूच राहिलं पाहिजे. आमच्याकडे त्या दिवशी एका माणसाला तेवढंच काम असतं.

स्वयंपाकघरातला वजनकाटा

ही तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण ती कुणीही करू शकतं आणि बाटली फोडावी लागत नाही.

लिटरला २४ ग्रॅम साखर आंबली की तिच्यातून जवळपास पावणेबारा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ७५० मिलीच्या बाटलीत तो साधारण पावणेनऊ ग्रॅम. बूच घट्ट असेल तर हा गॅस आतच राहतो आणि बाटलीचं वजन अजिबात बदलत नाही, फर्मेंटेशन झालं काय आणि न झालं काय. बूच गळत असेल तर वजन घटतं.

म्हणून बाटल्या भरायच्या दिवशी वेगवेगळ्या क्रेटमधल्या वीस बाटल्या पुसून कोरड्या करून एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ठेवायच्या आणि वजन पट्टीवर लिहून बाटलीला चिकटवायचं. महिन्यानं पुन्हा. थंड खोलीतून काढलेल्या बाटलीवर दव धरतं, ते नीट पुसा. तेच दोन-तीन ग्रॅम भरतं आणि फसवतं. माझ्या पट्ट्यांपैकी एक अजून वहीत आहे: १६३८ होते, १६३१ झाले. सात ग्रॅम गेले, म्हणजे ती बाटली आंबली होती आणि तिचा गॅस खोलीच्या हवेत गेला होता. यीस्टला उगाच दोष दिला गेला.

आधी वजनं घेतली नसतील तर बादली आहे. बाटलीची मान कोमट नव्हे, साध्या पाण्यात बुडवून पाच मिनिटं धरा. बुचाच्या कडेनं टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे एकामागून एक येत असतील तर गळती पक्की. मात्र सगळा गॅस आधीच निघून गेलेला असेल तर बादली काही दाखवणार नाही.

गळतीची कारणं बहुतेक तीनच सापडतात. बाटलीचं तोंड २९ मिमीचं आणि बूच २६ मिमीचं, किंवा उलट. दाबयंत्राची घंटी, म्हणजे बूच दाबणारा भाग, झिजलेली. किंवा काचेच्या ओठावर टवका. पहिल्या दोन्हीत सगळी रास जाते, तिसऱ्यात एखादीच बाटली. दाबलेल्या बुचाचा बाहेरचा व्यास कॅलिपरनं मोजा आणि बूच बनवणाऱ्यानं दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. दर शंभर बाटल्यांमागे एकदा मोजलं तर हा प्रश्न परत येत नाही.

एक बाटली उघडा

इथपर्यंत एकही बाटली खर्च झाली नाही. आता दोन खर्च करायच्या. रात्रभर फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, थंड असली की गॅस वाइनमध्ये धरून राहतो. उघडा, दोन भांड्यांत दहा-पंधरा वेळा उलटसुलट ओतून गॅस घालवा, आणि २० अंशांवर आणून हायड्रोमीटरवर घनता बघा.

पूर्ण कोरडी चेनिन ०.९९१ ते ०.९९३ च्या दरम्यान असते. साखर घातल्याच्या दिवशी ती १.००० च्या आसपास असायला हवी. त्या दिवशीचा आकडा तुमच्या वहीत असेलच. आज आकडा जिथे आहे तिथे फर्मेंटेशन थांबलं आहे, इतका सरळ हिशोब.

चवीवर विसंबू नका. लिटरला २४ ग्रॅम म्हणजे ग्लासभर पाण्यात एक चहाचा चमचा साखर. पाण्यात ती लगेच कळते, पण लवकर काढलेल्या द्राक्षांच्या आंबट वाइनमध्ये आठ-दहा ग्रॅम सहज लपतात. जीभ "कोरडी" म्हणते आणि बाटलीत अजून दोन बारांची साखर शिल्लक असते.

आणखी एक सापळा. मेडिकल दुकानातली लघवीतली साखर तपासायची पट्टी स्वस्त असते, बरेच जण तीच वापरतात. ती फक्त ग्लुकोज दाखवते. यीस्टला ग्लुकोज जास्त आवडतं, ते आधी संपतं, आणि अडकलेल्या बाटलीत मागे उरतं ते फ्रुक्टोज. पट्टी शून्य सांगते, बाटली भरलेलीच असते. एका शेजाऱ्यानं या पट्टीवर भरवसा ठेवून साखर "परत" घातली. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्या चाळीस बाटल्या एका दुपारी गेल्या. आत कुणी नव्हतं, एवढंच नशीब. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही मोजणारी तपासणी कुठल्याही चांगल्या वाइन लॅबमध्ये होते.

या टप्प्यावर निकाल लागतो. साखर शिल्लक, गॅस कमी: यीस्ट अडकलं आहे, पुढे वाचा. साखर संपली, गॅस नाही: बूच गळालं आहे, यीस्टच्या नादी लागू नका. साखर कमी होते आहे, गॅस वाढतो आहे, फक्त हळू: काहीही बिघडलेलं नाही, खोली १५ वर ठेवा आणि थांबा.

प्रेशर गेजचा हिशोब

बूच भोकून दाब दाखवणारं गेज घ्यायला पैसे लागतात. दोन-तीन छोट्या वायनऱ्यांनी मिळून एक घ्यावं. हिशोब असा: १० अंशांवर दर बारामागे लिटरला ४ ग्रॅम साखर खाल्ली गेलेली असते. गेज ३ बार दाखवत असेल तर १२ ग्रॅम गेले, १२ उरले, आणि हायड्रोमीटरनंही तेच सांगायला हवं. दोघांचं जुळलं नाही तर तुमच्याकडे दोन्ही बिघाड एकत्र आहेत. मोजताना वाइनचं तापमान नेहमी लिहा. २० अंशांवर घेतलेला ४ चा आकडा आणि १० अंशांवर घेतलेला ४ चा आकडा यांत फार फरक आहे.

हा हिशोब आज एका ओळीत मावतो, पण तो सापडेपर्यंत फ्रान्सच्या शॅम्पेन भागात तळघरांमध्ये बाटल्यांच्या राशी फुटत असत. शालों गावच्या फ्रान्स्वा नावाच्या औषधविक्रेत्यानं १८३० च्या दशकात बेस वाइनमधली उरलेली साखर मोजून वरून किती घालायची याचं गणित मांडलं, तेव्हा कुठे हे काम अंदाजावरून मापावर आलं. आपल्याकडे नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रसाहाय्य घेऊन स्पार्कलिंग सुरू केली, तीही याच मापांवर. ९०० लिटर बेस वाइनला २१ किलो ६०० ग्रॅम साखर लागते. बेस वाइनमध्ये आधीच लिटरला २ ग्रॅम साखर असेल तर त्यातून १ किलो ८०० ग्रॅम वजा. वजाबाकी विसरली की अर्धा बार फुकटचा वाढतो.

बेस वाइनची वही

यीस्ट अडकलं आहे हे ठरलं, तर आता का ते शोधायचं. तीन आकडे काढा: अल्कोहोल, पीएच (जितका कमी तितकी वाइन आंबट) आणि मुक्त सल्फर डायऑक्साइड, म्हणजे आपण बोलताना ज्याला मुक्त सल्फाइट म्हणतो ते.

अल्कोहोल ११ टक्क्यांच्या आत हवं, कारण बाटलीत आणखी सव्वा-दीड टक्का वाढणार आहे. आपल्या हवेत जानेवारीच्या अखेरीला ब्रिक्स, म्हणजे द्राक्षातल्या साखरेचं माप, झपाट्यानं चढतं. १९ ब्रिक्सला काढायचा माल मजूर मिळाले नाहीत म्हणून आठ-दहा दिवस राहिला की २२ होतो, आणि बेस वाइन १२ टक्के. ती वाइन साधी पांढरी म्हणून भरा, स्पार्कलिंगचा हट्ट सोडा.

सल्फाइटबद्दल मात्र मी सविस्तर सांगणार, कारण आमचं सगळ्यात मोठं नुकसान त्यानं केलं. सेंद्रिय बागवाल्यांना वाटतं, आपण केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, सल्फाइटची पावडर) कमी वापरतो, हा प्रश्न आपला नाही. उलट होतं. वर्षभर कमी ठेवलेलं असतं, मग मार्चमध्ये ऊन वाढलं की वाइन बिघडेल या धास्तीनं बाटलीत भरायच्या तोंडावर डोस दिला जातो. त्या वर्षी सकाळी मी ९०० लिटरच्या टाकीत ३० ग्रॅम केएमएस घातलं. संध्याकाळी मी मुलाला शाळेतून आणायला गेले असताना नवऱ्यानं त्याच काळजीनं आणखी ३० ग्रॅम घातलं. दोघांनीही लिहिलं नाही. लॅबनं मुक्त सल्फाइट सांगितलं लिटरला २८ मिलिग्रॅम.

२८ हा आकडा साध्या वाइनला नॉर्मल आहे. आमच्या वाइनचा पीएच होता ३.०५. सल्फाइटचा जो भाग यीस्टला मारतो त्याचं प्रमाण पीएचवर ठरतं: ३.४ ला मुक्त सल्फाइटच्या अडीच टक्के, ३.० ला सहा टक्के. म्हणजे तीच पुडी आंबट वाइनमध्ये दुपटीहून जास्त विषारी. स्पार्कलिंगसाठी आपण द्राक्षं मुद्दाम आंबट असताना काढतो, म्हणून मुक्त सल्फाइट १० च्या आत असल्याशिवाय मी आता बाटलीला हात लावत नाही. युरोपच्या सेंद्रिय नियमांत कोरड्या पांढऱ्या वाइनला एकूण सल्फाइट १५० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, पण ते प्रमाणपत्रासाठी. यीस्ट प्रमाणपत्र बघत नाही.

विरजण कसं लावलं होतं?

दुधाला विरजण लावताना आपण दूध उकळतं नाही ना, फ्रिजमधलं गार नाही ना, हे बोट बुडवून बघतो. यीस्टचंही तसंच. पाकिटातलं कोरडं यीस्ट थेट वाइनमध्ये टाकलं असेल तर बिघाड तिथेच आहे, पुढे शोधायची गरज नाही.

दहापट पाण्यात, ३७ ते ४० अंशांवर, वीस मिनिटं भिजवायचं. मग थोडी वाइन, थोडं पाणी, थोडी साखर असं करत तीन-चार दिवसांत त्याला अल्कोहोलची सवय लावायची. दर वेळी वाइनचं प्रमाण वाढवायचं, तापमान २० वरून हळूहळू १६ वर आणायचं, आणि एका वेळी दहा अंशांहून मोठा धक्का द्यायचा नाही. विरजण जोरात फसफसत असतानाच टाकीत घालायचं. ते शांत झाल्यावर घातलं तर अर्धं यीस्ट दमलेलं असतं.

मायक्रोस्कोप असेल तर मिलीला दहा ते पंधरा लाख पेशी हव्यात. मिथिलीन ब्लूचा थेंब टाका, मेलेल्या पेशी निळ्या होतात. शंभरात दहापेक्षा जास्त निळ्या दिसल्या तर ते विरजण फेकून नवं लावा. माझी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीत झाली आहे म्हणून मला हे सोपं वाटतं, पण जवळच्या कॉलेजची प्रयोगशाळा हे अर्ध्या तासात करून देते.

यीस्टला खत म्हणून काय द्यायचं हे तुमच्या प्रमाणपत्रावर अवलंबून आहे. डायअमोनियम फॉस्फेट युरोपच्या सेंद्रिय नियमांत चालतं, अमेरिकेच्या सेंद्रिय वाइनला चालत नाही. घालण्याआधी तपासणाऱ्या संस्थेला लेखी विचारा.

बागेची फवारणी

हे शेवटी, कारण शोधायला अवघड आणि बाटलीत भरल्यावर दुरुस्त होत नाही. भुरीसाठी मारलेलं गंधक काढणीच्या फार जवळ गेलं की सडक्या अंड्याचा वास येतो. बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदाचं तांबं रसात जास्त उतरलं तर यीस्ट मंदावतं, पण पहिल्या फर्मेंटेशनमध्ये बरंचसं तांबं गाळाबरोबर निघून जातं, म्हणून फक्त दुसरं अडकलं असेल तर मी तांब्याला शेवटी धरते. शेजारच्या बागेतून वाऱ्यानं आलेलं फोलपेट किंवा कॅप्टानसारखं बुरशीनाशक यीस्टला थेट रोखतं. बांधालगतच्या दोन ओळींचा माल वेगळ्या क्रेटमध्ये काढायची सवय आम्ही त्यासाठीच लावून घेतली.

काय करता येतं

कारण थंडी असेल तर ऊब. यीस्ट जिवंत आहे पण तळाशी बसलं आहे असं वाटलं तर शील्ड-हातमोजे घालून, खोली १६ वर स्थिर झाल्यावर, एकेक बाटली मनगटाच्या झटक्यानं हलवून गाळ वाइनमध्ये मिसळा आणि पुन्हा आडवी ठेवा. आठवड्यातून एकदा, तीन आठवडे. दाब ४ बारच्या वर असेल तर हे करू नका.

दोन-अडीच बारवर थांबलेली, चवीला चांगली वाइन हलक्या फेसाची म्हणून विकता येते. त्यासाठी लेबल वेगळं लागतं, आणि उरलेली साखर पुन्हा आंबणार नाही याची खात्री आधी करावी लागते.

सल्फाइट जास्त असेल तर बाटलीतल्या बाटलीत काहीही करता येणार नाही. आम्ही त्या वर्षी अकराशे बाटल्या उघडून टाकीत ओतल्या. सगळं घर चार दिवस त्यातच होतं. वाइनला हवा दिली, सल्फाइट खाली आल्यावर उरलेली साखर मोजली, आधी गेलेला गॅस परत येण्यासाठी लागेल तेवढीच वरून घातली, नवं विरजण लावलं. साठ लिटर वाइन गेली. अकराव्या आठवड्यात गेजवर पाच बार दिसले. बाटल्या उघडून परत टाकीत घेताना उत्पादन शुल्क विभागाच्या नोंदवहीत ती नोंद झालीच पाहिजे. परवाना असलेल्या वायनरीबाहेर हे काम कुणी करूच नये.

कुठे थांबायचं

थप्पीतली एकही बाटली आपोआप फुटली तर त्या दिवशी आत जायचं नाही. बाहेरून तापमान जमेल तेवढं खाली आणा आणि वाइन तज्ज्ञ येईपर्यंत दार बंद ठेवा. एक फुटली की तिचे तुकडे शेजारणीला लागतात.

१० अंशांवर गेज ७ च्या वर गेलं, किंवा साखर दोनदा पडली असण्याची शंका आली, तरी हेच.

सडक्या अंड्याचा वास दोन-तीन बाटल्यांत सापडला, वाइन ढगाळच राहिली, किंवा व्हिनेगरचा झणका आला, तर घरगुती प्रयोग नकोत. बॅक्टेरिया आहे की यीस्टचा ताण, हे नमुना बघितल्याशिवाय कळत नाही, आणि दोन्हींची औषधं वेगळी आहेत.

नव्या विरजणानंतरही तीन आठवड्यांत घनता हलली नाही तर तिसरा प्रयत्न स्वतः करू नका. दर वेळी ओतण्यात वाइनला हवा लागते, ती जुनी पडत जाते.

तज्ज्ञाला फोन करताना हे हाताशी ठेवा: बाटल्या भरल्याची तारीख, त्या दिवशीची घनता, साखर किती किलो आणि वाइन किती लिटर, यीस्टच्या पाकिटाचं नाव आणि तारीख, अल्कोहोल, पीएच, मुक्त सल्फाइट, थप्पीतल्या तीन जागांची तापमानं, आणि पहिल्या, मधल्या, शेवटच्या क्रेटमधली प्रत्येकी एक न उघडलेली बाटली, थर्मोकोलच्या पेटीत बर्फावर.